कागद फुकट, दिवस महाग
डॉक्टर, नर्स, कर्मचाऱ्यांची ‘कामास योग्य’ मानसिक तपासणी : परभणी जिल्ह्यात पैसे कुठे लागतात, कुठे लागत नाहीत

माझी मावसबहीण सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. तिची एक शंभरपानी वही आहे. पुढून दूधवाला नि किराणा. उलटी धरून मागून उघडली की पहिल्याच पानावर ‘माझं फिटनेस’ असं शीर्षक. नैराश्यावरच्या उपचारासाठी चार महिने रजा घेऊन ती कामावर परत निघाली, तेव्हाचा हा हिशेब. खासगी डॉक्टरच्या दोन फेऱ्या १,२००. रक्ततपासणी ९५०. रिक्षा आणि एसटी १,१४०. झेरॉक्स, फोटो १८५. चहा-नाश्ता २६०. सरकारी खिडकीवर शून्य. बेरीज ३,७३५ रुपये. खाली दोन रेघा मारून तिनं लिहिलंय, ‘३७ दिवस’. त्यापुढे रक्कम नाही.

ती रक्कम आपण काढू. राज्य शासनाच्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात ३५,४०० पासून सुरू होतं. म्हणजे दिवसाला १,१८०. सदतीस दिवसांचे झाले ४३,६६०, आणि यात महागाई भत्ता धरलेला नाही. बहीण काही तळच्या टप्प्यावर नाही, त्यामुळे तिचा खरा आकडा याहून मोठाच. वहीतल्या पावणेचार हजारांवर आपण घासाघीस करतो, आणि त्या चव्वेचाळीस हजारांची नोंदसुद्धा करत नाही.

हे सदतीस दिवस गेले कुठे, ते ऐका. ती पहिल्यांदा खासगी सायकॅट्रिस्टच्या लेटरहेडवरचं ‘ड्यूटीवर रुजू होण्यास योग्य’ असं प्रमाणपत्र घेऊन गेली. कार्यालयात तोंडी सांगितलं, “हे चालत नाही, बोर्डाचं आणा.” बोर्डाच्या, म्हणजे जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाच्या, टेबलावर विचारलं, “ताई, पत्र कुठंय? तुम्हाला पाठवलं कुणी?” पत्र काढायला दहा दिवस. ते आलं तर त्यात एकच वाक्य, ‘सदर कर्मचारी मानसिकदृष्ट्या सक्षम आहेत किंवा कसे, याबाबत अभिप्राय द्यावा.’ बोर्डातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं, ‘उपचार सुरू, प्रकृती स्थिर.’ कागद परत कार्यालयात. तिथं त्रुटी निघाली, ‘योग्य असा स्पष्ट उल्लेख नाही.’ मग पुन्हा पत्र, पुन्हा बोर्डाचा वार येईस्तोवर थांबणं.

‘किंवा कसे’ हे आपल्या कचेऱ्यांचं लाडकं शेपूट आहे. हद्द कायम करायची असो की विहिरीचं अनुदान, ते कुठंही चिकटतं. माणसाच्या डोक्याबद्दल विचारताना मात्र ते फार महाग पडतं. सक्षम कशासाठी? बाह्यरुग्ण विभागात केसपेपरवर नोंदी घेण्यासाठी, की अतिदक्षता विभागात रात्री तीन वाजता एकटीनं ड्रिपचा वेग ठरवण्यासाठी? डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही, तर ते सुरक्षित उत्तर देतात. सुरक्षित उत्तरानं फाईल पुढं सरकत नाही.

आधी पत्र, मग तपासणी

म्हणून पहिला सल्ला, आणि यावर जरा थांबतो. तपासणीला जाण्याआधी कार्यालयाकडून लेखी पत्र घ्या आणि त्या पत्रातला प्रश्न नीट असल्याची खात्री करा. मसुदा तुम्हीच करून नेलात तर आस्थापनेच्या लिपिकाचं काम हलकं होतं, आणि बहुधा तो तसाच टाईप होतो. मसुदा साधारण असा :

‘श्रीमती अमुक या तमुक वॉर्डात अधिपरिचारिका आहेत. त्यांच्या कामात इंजेक्शन व सलाईन देणे, औषधांचे डोस काढणे, महिन्याला इतक्या रात्रपाळ्या करणे आणि नार्कोटिक औषधांच्या कपाटाची किल्ली सांभाळणे यांचा समावेश आहे. त्या दिनांक अमुकपासून वैद्यकीय रजेवर होत्या. (अ) वरील कामांपैकी कोणती कामे त्या आज सुरक्षितपणे करू शकतात? (आ) कोणत्या कामावर, किती काळ, कोणती मर्यादा ठेवावी? (इ) पुनर्तपासणी कधी करावी?’

या मजकुराला कोर्ट फी नाही, स्टॅम्प पेपर नाही, वकील नाही. खर्च म्हटलं तर टायपिंगचे वीस-तीस रुपये.

दुसरी गोष्ट तारखेची. उपचार करणारे डॉक्टर ज्या दिवशी ‘आता जा कामावर’ म्हणतात, त्याच दिवशी रुजू होण्याचा अर्ज त्यांच्या प्रमाणपत्रासह आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. तुम्ही हजर झालात आणि कार्यालयानं बोर्डाकडं पाठवून थांबवलं, तर त्या मधल्या दिवसांना ‘सक्तीच्या प्रतीक्षेचा कालावधी’ म्हणून मागणी करता येते. शिक्का नसेल तर ते दिवस तुमच्याच रजेतून जातात.

कसे जातात ते बघा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे वर्षाला २० दिवस अर्धपगारी रजा जमा होते. ती पूर्ण पगारावर हवी असेल तर परिवर्तित करून घ्यायची, पण मग दुप्पट दिवस खर्ची पडतात. सदतीस दिवसांची परिवर्तित रजा म्हणजे खात्यातून ७४ दिवस वजा. पावणेचार वर्षांची जमा एका ‘किंवा कसे’त गेली. बहिणीनं शिक्का घेतलेला नव्हता.

कंत्राटी लोकांचं दुखणं वेगळं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली एएनएम असो की करारावरचे वैद्यकीय अधिकारी, त्यांच्या खात्यात इतक्या रजा नसतातच. तिथं थांबलेला दिवस म्हणजे सरळ बिनपगारी. महिना वीस हजार मानधन धरलं तर वीस दिवसांच्या विलंबाचे तेरा हजारांवर जातात. त्यांनी तर पत्र हातात पडेस्तोवर तपासणीची घाई करूच नये, आणि पत्रासाठी मात्र रोज उभं राहावं.

कुठे जायचं

सरकारी कर्मचाऱ्यासाठी शेवटचा शब्द साधारणपणे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, म्हणजे आपल्या भाषेत सीएस साहेबांच्या, वैद्यकीय मंडळाचा असतो. परभणीचं जिल्हा रुग्णालय हे आपलं पहिलं ठिकाण. २०२३ पासून शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा, कुठल्याही तालुक्यातून आलात तरी मंडळ ठरावीक वारीच बसतं. निघण्याआधी वार विचारा. तालुक्याहून येऊन वार चुकलेली माणसं त्या व्हरांड्यात हमखास भेटतात.

पैसे? राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी, उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरला दहा-वीस रुपये आणि चाचण्यांना सरकारी दर लागतो. दराचा फलक खिडकीजवळच असतो, तो वाचा आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात सायकॅट्रिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि मनोसामाजिक कार्यकर्ता अशी पदं असतात. तिथं पैसे लागत नाहीत.

मंडळानं ‘उच्च केंद्राचा अभिप्राय घ्यावा’ असं लिहिलं तर आपल्याकडून जवळचं म्हणजे नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. परभणी जंक्शनवरून रेल्वेनं तास-सव्वा तास, पुढं शहरापासून विष्णुपुरीपर्यंत रिक्षा किंवा सिटी बस. गंगाखेड-सोनपेठच्या लोकांना अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सोयीचं पडतं. तिसरी छत्रपती संभाजीनगरची घाटी, म्हणजे तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. सोबत येणाऱ्या नवऱ्याला किंवा भावाला पूर्ण. आणि सोबत कुणाला तरी न्यावंच लागतं, ते का ते पुढं सांगतो. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं ऐकून माहीत असतात, पण एवढ्यासाठी तिथपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही.

खासगीत दरांचा काही फलक नसतो, म्हणून अंदाज देतो. परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावी सायकॅट्रिस्टची पहिली भेट चारशे ते आठशे, नांदेड-संभाजीनगरला सहाशे ते बाराशे, पुण्या-मुंबईत दीड ते तीन हजार. ही नुसत्या तपासणीची फी झाली. सविस्तर लेखी अहवाल हवा असेल तर वेगळे हजार ते पाच हजार, आणि मोठ्या शहरात कॉर्पोरेट हॉस्पिटलसाठी किंवा कोर्टासाठी करायचं स्वतंत्र मूल्यमापन दहा हजारांच्या पुढंच. फोनवर वेळ घेताना एवढंच विचारा, “लेखी अहवालाचे धरून किती?” हा प्रश्न आधी विचारला नाही की बिल दोनदा होतं.

खोलीत काय होतं

नीट झालेली तपासणी तास-दीड तासाची असते, आणि बऱ्याचदा दोन भेटींत होते. पाच मिनिटांत ‘फिट’ लिहून मिळालं तर समजा की तपासणी झालेली नाही. डॉक्टर आजाराचा इतिहास विचारतात, झोप, भूक, विचारांचा वेग, लक्ष लागतं का, मरणाचे विचार येतात का, हे सगळं विचारतात. मग घरचा माणूस आत बोलावतात. आजारी माणूस खोटं बोलतो असं नव्हे. पण ती रात्री दोन वाजता उठून अंगणात फेऱ्या मारते, हे ज्याची झोपमोड होते तोच सांगू शकतो. सोबत्याचं तिकीट म्हणून खर्चात धरायचं.

यानंतर येतो तो भाग, जो आरोग्यसेवेतल्या माणसांपुरताच आहे. शिक्षकाला किंवा तलाठ्याला हे कुणी विचारत नाही. रात्रपाळ्या किती? पाळीत सोबत कोण असतं? औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडं? स्वतःसाठी स्वतः औषध लिहून घेता का? फोर्टविन, केटामीन, झोपेची इंजेक्शनं हातासरशी मिळतात का? हे प्रश्न अपमानाचे वाटतात, माहीत आहे. पण भूल देणाऱ्या डॉक्टरला दारूचा त्रास असणं आणि हिशेबनिसाला असणं, यांत टेबलावर झोपलेल्या माणसाचा फरक आहे. उत्तरं मोकळी द्या. तुम्ही झाकलेली गोष्ट नंतर स्टॉक रजिस्टरमधून निघाली तर मग विषय आजाराचा राहत नाही, चौकशीचा होतो.

चाचण्यांत पैसे जास्त वाया जातात. नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली, दहा प्रश्नांची दारूविषयीची प्रश्नावली, तीस गुणांची स्मरण-लक्ष यांची चाचणी, हे डॉक्टर तिथंच बसून करू शकतात. त्याला वेगळे पैसे लावायचं कारण नाही. व्यक्तिमत्त्वाच्या मोठ्या चाचण्या, शाईच्या डागांची चाचणी, बुद्ध्यांक, मेंदूच्या कामाची सखोल चाचणी हे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात, आणि खासगीत दीड ते सहा हजार लागतात. त्या ठराविक शंकेसाठीच कराव्यात. अपघातात डोक्याला मार लागलेल्या सर्जनसाठी मेंदूच्या कामाची चाचणी अगदी योग्य. नैराश्यातून उठलेल्या नर्सला बुद्ध्यांक कशाला? करणारा माणूस भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदलेला आहे का ते बघा. अहवालावर त्याचा सीआरआर नंबर असायला हवा. नुसत्या ‘काउन्सेलर’ची सही मंडळापुढं टिकत नाही.

रक्ताच्या तपासण्या थोड्याच लागतात. थायरॉईडचे दोन-चारशे, बी-१२ चे पाचशे ते हजार, लिव्हरच्या नि साध्या रक्ततपासणीचे मिळून हजारच्या आसपास. लिथियम सुरू असेल तर त्याची पातळी, चार ते सातशे. सरकारीत यातलं बरंच तिथंच होतं, मग बाहेर जायचं कशाला? एमआरआयचे पाच-आठ हजार द्यायच्या आधी विचारा, “यानं अभिप्राय बदलणार आहे का?” बहिणीला हा प्रश्न सुचला म्हणून तिच्या वहीत तो आकडा नाही.

दारू किंवा इंजेक्शनचं प्रकरण असेल तर गणित लांबतं. एकदा तपासून ‘योग्य’ असं लिहिणं त्यात शक्यच नसतं. लघवीच्या अचानक तपासण्या, लिव्हरचे आकडे काही महिने पाहणं, व्यसनमुक्तीच्या भेटी, आणि तोवर किल्ली नाही, असं ते चालतं. लघवीच्या औषध-तपासणीच्या एका पट्टीसंचाला खासगी लॅबमध्ये आठशे ते दोन हजार. महिन्याला एक धरली तर वर्षाचं गणित दहा ते चोवीस हजारांवर जातं. ही तपासणी कार्यालयानं सांगितलेली असेल तर ती कार्यालयाच्या खर्चानं व्हावी, ही मागणी पहिल्याच पत्रात लेखी करून ठेवा. नंतर कुणी ऐकत नाही.

इथं विम्याबद्दल एक गोष्ट. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराच्या उपचाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं आहे. पण कामाच्या योग्यतेची तपासणी म्हणजे उपचार नव्हे. तो खर्च विम्यात बसवायच्या नादी लागू नका.

कागदावर काय हवं, काय नको

चांगल्या अभिप्रायाचे तीनच प्रकार असतात. कामास योग्य. अटींसह योग्य. तूर्त योग्य नाही, अमुक तारखेला पुन्हा पाहू. मधला प्रकार आपल्याकडं फार कमी लिहिला जातो, आणि खरं तर बहुतेक माणसं त्यातच बसतात. बायपोलर आजारात झोपमोडीनं झटका परत येऊ शकतो, म्हणून ‘सहा महिने रात्रपाळी नको’ ही साधी अट. इंजेक्शनचं व्यसन सुटलेल्याला ‘किल्ली नको’. नैराश्यातून उठलेलीला ‘पहिले चार आठवडे एकटी पाळी नको’. वॉर्डातल्या मेट्रनला अशी यादी हातात मिळाली तर पाळ्या लावणं अवघड नसतं. तिला अवघड जातं ते नुसतं ‘काळजी घ्यावी’.

निदान मात्र त्या कागदावर असायलाच हवं असं नाही. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ मानसिक आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतं. कार्यालयाला हवं असतं ते काम, मर्यादा आणि तारीख. आजाराचं नाव, गोळ्यांची यादी, घरातली भांडणं, हे सगळं आवक शाखेतून चार टेबलांवर फिरायचं कारण नाही. सविस्तर अहवाल बंद लिफाफ्यात, ‘गोपनीय’ लिहून, थेट अधिकाऱ्याच्या नावे द्यायला सांगा. तुमच्या स्वतःच्या नोंदी मिळवण्याचा हक्क कलम २५ नं दिला आहे, आणि डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. खर्च फक्त झेरॉक्सचा.

उपचार करणाऱ्या डॉक्टरकडूनच योग्यतेचा अखेरचा शिक्का मागण्याचा मोह आवरा. स्वस्त पडतं, खरं आहे. पण ज्या माणसापुढं आपण मन उघडं करतो, त्यालाच आपल्या नोकरीचा निकाल द्यायला लावलं की आपण त्याच्यापुढंही झाकाझाक करू लागतो. त्यांच्याकडून उपचाराचा गोषवारा घ्या, निकाल दुसऱ्याकडून. दोन फी पडतात, पडू द्या.

आणि दोनशे रुपयांत मेडिकल देणारे? प्रत्येक गावाला एखादा असतो, पत्ता तुम्हालाही ठाऊक असेल. खोटं प्रमाणपत्र देणं हा डॉक्टरसाठी २००२ च्या नियमांप्रमाणे गैरवर्तनाचा विषय आहे. दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राची नोंदवही, त्यात रुग्णाची ओळखखूण, आणि प्रमाणपत्राची प्रत ठेवणंही त्याच नियमांत आहे. उद्या वॉर्डात काही घडलं आणि तो कागद तपासायला निघाला, तर नोंदवहीत नाव नसलेलं प्रमाणपत्र कुणाला वाचवणार? परिचारिका परिषदेची नोंदणी असलेल्या बाईनं हे तर अजिबात करू नये.

ज्यांना विचारणारं कुणी नाही

हे झालं नोकरीवाल्यांचं. गंगाखेड रोडवर स्वतःचा दवाखाना टाकून बसलेल्या डॉक्टरला कोण विचारणार? ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिलकडं आजारी डॉक्टरसाठी वेगळी वाट आहे. कौन्सिल स्वतः नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करवते आणि अटींवर काम करू देते. आपल्याकडचे २००२ चे नियम गैरवर्तनाबद्दल बोलतात; तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत द्यावा असं सांगतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २ ऑगस्ट २०२३ ला नवे नियम काढले आणि २३ ऑगस्टला ते स्थगित केले. एकवीस दिवस! महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडं दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण होतं तेव्हा मोजले जातात ते शिक्षणाचे गुण.

म्हणून अशा डॉक्टरच्या घरच्यांनी पुढाकार घ्यावा लागतो. परभणीत ओळखी आड येत असतील, वेटिंगमध्ये आपलेच पेशंट शेजारी बसतील अशी भीती असेल, तर नांदेड गाठा. सातशे-हजारांची फी आणि रेल्वेचं तिकीट. पहिला शब्द बोलायलाच जड जात असेल तर टेली-मानस आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, मराठीत, एक पैसा लागत नाही. तिथून प्रमाणपत्र मिळत नाही, पण पुढं कुठं जायचं ते कळतं.

परदेशी जाणाऱ्या नर्स नि डॉक्टर बऱ्याचदा एक गोंधळ करतात. परिषदेचं ‘गुड स्टँडिंग’ म्हणजे तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही एवढंच. प्रकृतीच्या योग्यतेचा कागद वेगळा, आणि तो ज्या देशाला हवा त्या देशाच्या नमुन्यातच करून घ्यायचा. आधी इथं करून मग नमुना बघितला की फी दोनदा.

‘अयोग्य’ आलं तर

हात-पाय गाळू नका, आणि राजीनामा तर मुळीच लिहू नका. कुणी प्रेमानं सुचवलं तरी. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजार धरलेला आहे. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर कलम २०(४) प्रमाणे कामावरून काढता येत नाही की पद खाली आणता येत नाही. त्या पदाला योग्य नसाल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम, आणि तसं पद नसेल तर अधिसंख्य पद. १७ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं रविंदर कुमार धारिवाल प्रकरणात केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या मानसिक आजार असलेल्या अधिकाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. आजाराशी निगडित वागण्यावरून शिस्तभंगाची कारवाई हा भेदभाव ठरवला. वर्दीतल्या माणसाला हे संरक्षण मिळतं तर ॲप्रनमधल्याला का नाही, असा युक्तिवाद तुमचा वकील करू शकतो. खासगी हॉस्पिटलला मात्र कलम २०(४) लागू नाही; तिथं नेमणूकपत्रातल्या अटीच वाचाव्या लागतात.

दुसरा निकाल आपल्या राज्यातल्या मुलाचा आहे. वाचा-भाषेचं दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांहून जास्त म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलेल्या ओमकार गोंड याच्या प्रकरणात १५ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नुसत्या टक्क्यावर कुणाला बाद करता येणार नाही. मंडळानं तो विद्यार्थी अभ्यासक्रम पार पाडू शकतो का ते पाहावं आणि नाही म्हणायचं तर कारणं लिहावीत. खटला प्रवेशाचा होता, मानसिक आजाराचा नव्हता. तरी बोर्डाच्या एका शब्दाच्या शेऱ्यावर हरकत घेताना तो हाताशी ठेवण्यासारखा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ३ सोबत जोडा : पूर्वी उपचार घेतले किंवा दाखल होतात, एवढ्यावरून आज आजारी ठरवता येत नाही.

टक्क्यांवरून आठवलं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि योग्यतेचं प्रमाणपत्र एक नव्हे. पहिल्यात स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम या चार बाबींना गुण देतात. चाळीस टक्के झाले की सवलती, आणि दिव्यांगांच्या ऑनलाईन यूडीआयडी ओळखकार्डाला सरकारी फी नाही. ते घेतलं म्हणून तुम्ही कामाला नालायक ठरत नाही.

भांडायचा खर्च वाटतो तेवढा नाही. फाईलवर कोण काय लिहितंय ते बघायला माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये, आणि पानाला दोन रुपये. दुसऱ्या मंडळाकडं फेरतपासणीचा अर्ज साध्या कागदावर. दिव्यांग आयुक्त, पुणे यांच्याकडं तक्रार टपालानं. राज्य कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. वकिलाची फी तिथं खरा खर्च. ती जमत नसेल तर परभणीच्या न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, दिव्यांगांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही. आणि मानसिक आजार असलेल्या माणसाला मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २७ नं हा हक्क वेगळा दिलेला आहे.

बहिणीला अखेर ‘अटींसह योग्य’ मिळालं होतं, रात्रपाळी नको नि किल्ली नको अशा अटींवर, आणि तीन महिन्यांनी पुनर्तपासणी होती. या खेपेला मसुदा तिनंच करून दिला होता, अ, आ, इ सकट. बोर्डाचा वार फोन करून विचारला, अर्जाच्या दोन प्रती नेल्या, भावाला सोबत घेतलं. साडेअकराला आत गेली, सव्वाबाराला बाहेर आली. रात्रपाळीची अट निघाली, किल्लीची राहिली. वहीत त्या तारखेची नोंद आहे : एसटी अर्धी, भावाची पूर्ण, रिक्षा ६०, झेरॉक्स ८, उसाचा रस दोन ग्लास.